जित्या माणसाचा दगड

साताऱ्यात कोरेगावकडून शिरलं की पहिला तिठा लागतो. सेहेचाळीस सालच्या दसऱ्याला त्या तिठ्यावर सिमेंटचा एक शिपाई उभा राहिला आणि सगळ्या शहराच्या जिभेला काम मिळालं. महायुद्धात कामी आलेल्या जिल्ह्यातल्या जवानांची आठवण म्हणून पेन्शनीतल्या सुभेदारांनी कमिटी करून तो बसवला होता. कमिटीला वाटलं होतं, लोक हार घालतील. लोकांनी नावं ठेवली.

तालमीतली पोरं म्हणाली, पिंढऱ्या बघा त्याच्या, ह्यो कसला लढतोय. पेठेतल्या बायका म्हणाल्या, बाप्या माणसानं रस्त्यात अर्ध्या चड्डीवर उभं राहायचं म्हणजे आम्ही पाण्याला जायचं कुठून. तोंड दक्षिणेला केलंय म्हणून भटजी नाराज, दुकानाकडं पाठ केलीय म्हणून किराणावाला नाराज, बैल बुजतात म्हणून गाडीवान नाराज. मूर्तिकार सांगलीचा निघाला, म्हणजे संस्थानातला. मग आपल्याकडच्या लोकांचे काय हात झडले होते का, अशी आणखी एक ओरड. ज्याला काहीच सुचेना तो म्हणायचा, मिशी वाकडी आहे. मिशी खरंच जरा वाकडी होती, पण साताऱ्यात सरळ मिशीचे तरी किती होते?

ह्या सगळ्यांच्या वरताण भाऊसो. बेचाळीसच्या मोर्चात पोलिसांची गोळी लागून त्याचा एक पाय कायमचा अधू झाला, वर तुरुंगवास घडला तो वेगळाच. सुटून आला तर शहराच्या तोंडावर सरकारी फौजेचा शिपाई छाती काढून उभा. माणसाचं टाळकं फिरणार नाही तर काय होईल? "ज्या सरकारनं आमच्यावर गोळ्या घातल्या, त्याच्या चाकरीत मेलेल्यांना आम्ही हार घालायचे?" असं तो जिथं चार डोकी दिसतील तिथं विचारायचा. त्याचं फारसं चुकतही नव्हतं, म्हणून तर त्याला उत्तर द्यायला कुणी पुढं येत नसे. पुतळ्यावर शेण पडायला लागलं ते तेव्हापासून.

हे सगळं बाजारकऱ्यांच्या तोंडून कोरेगावजवळच्या एका गावात चंद्राबाईच्या कानावर यायचं. शेणाचं ऐकलं की तिला बरं वाटायचं. आणखी टाका म्हणायची मनात, अगदी डोळ्यांत जाईल असं टाका. कारण त्या शिपायाला जे तोंड होतं ते तिच्या नवऱ्याचं होतं.

नवरा म्हणजे हंबीरराव. इटलीत का कुठंशी एका नदीपाशी तो दोन वर्षांपूर्वी बेपत्ता झाला. पलटणीकडून घरी कळलं ते एवढंच. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असं चंद्रा स्वतःला आणि विचारील त्याला सांगायची. लोक विचारायचे थांबले तरी सांगायची. रोज सकाळी न्हाऊन कपाळाला कुंकू लावायची ते पहिल्यापेक्षा मोठं, पार लांबून दिसेल असं. पाणवठ्यावर कुणाची नजर त्या कुंकवावर रेंगाळली तर घागर तशीच भरत ठेवून म्हणायची, "काय गं, कवा बघितलं न्हाईस का कुकू?"

आता त्या मुलखाची एक रीत सांगायला हवी. लढाईत पडलेल्या माणसाचा तिथं दगड बसवतात. गावाच्या वेशीबाहेर असे पाच-सहा दगड होते. कुणाचे, कुठल्या लढाईतले, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं, तरी सणावाराला त्यांना तेल आणि शेंदूर चुकत नसे. दगड बसला की माणूस गेला, त्यात दुसरं मत नाही. आणि बसलेल्या दगडाला कुणी हात लावत नाही, मग तो वैऱ्याचा का असेना. जित्या माणसाचा दगड मात्र बसवायचा नसतो. बसवला तर तो त्या माणसाला ओढून घेतो म्हणतात.

चंद्राचा सासरा नाथाजी, पहिल्या महायुद्धातला शिपाई, दसऱ्याला मुद्दाम साताऱ्याला गेला होता. परतला तो चावडीवर बसून घसा बसेपर्यंत सांगत राहिला, की माझा हंबीर साताऱ्यात उभा हाय, हुबेहूब, सायबानं सलाम केला त्येला. घरी आल्यावर चंद्रानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मामंजी, त्यांचंच त्वांड कुणी घ्याया सांगितलं?"

"कमिटीवाल्यांकडं फोटू आसतील. पलटणीत लय फोटू काढत्यात." म्हाताऱ्यानं ताटातनं डोकं वर काढलं नाही. "ती काय एकट्याची आठवण न्हाई पोरी. समद्या शिपायांची हाय. त्यो येईल. तू नगं काळजी करू. चल एक दिस, दावतो तुला."

"जित्या माणसाचा दगड मी बघायची न्हाई," चंद्रा म्हणाली, आणि दुसरी भाकरी जरा जोरातच ताटात पडली.

दिवाळीपर्यंत हे असंच चाललं. दिवाळी झाल्यावर माणदेशातला धुळा धनगर मेंढरं घेऊन घाट उतरायला निघाला. दरवर्षीची त्याची ती वाट. तिठ्यावर येऊन बघतो तर हातात हत्यार घेतलेला वीर उभा, गालावर शेण वाळलेलं, आजूबाजूला कुणाला त्याचं काही नाही. धुळाच्या जिवाला ते काही सोसलं नाही. त्यानं पखालीतल्या पाण्यानं ते तोंड धुतलं, पायाला तेल चोपडलं, कनवटीचा भंडारा काढून मूठभर उधळला आणि दोन्ही हात जोडून मेंढरं पुढं काढली. त्याला बिचाऱ्याला कमिटी ठाऊक नव्हती आणि भाऊसोही ठाऊक नव्हता.

झालं. दुसऱ्या दिवसापासून शेण टाकणारे बिचकायला लागले. बाहेरगावचे बाजारकरी जाताजाता चिमूटभर शेंदूर लावू लागले. तीन आठवडे ज्याला नावं ठेवली त्याच्यासमोरून जाताना काही जण चपला काढायला लागले, आणि बाकीचे त्यांना हसायला लागले. पुतळा पाडायच्या बेतात असलेल्या भाऊसोचा संताप तर विचारू नका.

नेमकं त्याच आठवड्यात नाथाजीनं आपल्या बायकोला, बनुबाईला, पुतळा दाखवायला नेली. बनुबाई म्हणजे तोंडाची फटकळ, पण मोटारीत बसली तेव्हा नव्या लुगड्यात पोरीसारखी हरखलेली. लेकाचं तोंड बघायला मिळणार म्हणून. तिठ्यावर उतरून तिनं वर बघितलं, मग खाली बघितलं. पायावर तेलाचे ओघळ, शेंदूर, भंडारा. तिथंच रस्त्यात ती मटकन खाली बसली.

घरी आली ती ओसरीवर न टेकता थेट चुलीपाशी. "चंद्रे, कुकू पूस."

चंद्राला वाटलं म्हातारीला ऊन लागलं. "काय म्हणताय, आत्याबाई?"

"त्येला तेल लागलंय. शेंदूर लागलाय. पराया माणसांनी पूजा घातलीया माझ्या लेकराची, आन् हितं तू मळवट भरून बसलीयास. त्येचा जीव घुटमळत आसंल तिकडं. कुकू पूस म्हणते न्हवं."

"मी न्हाई पुसायची."

"तुझा बाप पुसंल."

त्या दिवसापासून घरात धड कुणी जेवलं नाही. बनुबाई उठता बसता सुनेला टोचायची, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं तिची लाज काढायची. शेवटी तिनं भावकी गोळा केली. भावकीत असल्या कामाला माणसं कधी कमी पडत नाहीत. ठरलं असं, की येत्या अवसेला हंबीररावाचा चांदीचा टाक करून देवघरात पूर्वजांच्या ओळीत बसवायचा आणि सुनेची काकणं फोडायची. दगड आहेच म्हणाले, आता टाक बसू दे. नाथाजी भावकीत बसला होता. तो हो म्हणाला नाही आणि नाही पण म्हणाला नाही, नुसती तंबाखू मळत राहिला. चंद्रा आतून ऐकत होती. तिला त्या हातातली तंबाखू ओढून अंगणात फेकाविशी वाटली.

तिनं मग एकच गोष्ट मनाशी धरली. ते तोंड मेलेल्या माणसाचं म्हणून घेतलेलं नाही, असं मूर्तिकाराच्याच तोंडून वदवायचं. शेजारची रंगूबाई लेकीच्या बाळंतपणाला मिरजेला निघाली होती. तिला सोबत म्हणून जाते असं सांगून चंद्रा कोरेगावला गाडीत बसली. रंगूबाईला मिरजेत लेकीच्या दारात सोडलं आणि एकटीच सांगलीची गाडी धरली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. भीती वाटली नाही, कारण डोक्यात रागाशिवाय दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

मूर्तिकार बसाप्पा बडिगेर नदीच्या अंगाला एका पत्र्याच्या छपरात काम करायचा. मुंबईला शिकून आलेला, पण पोटाला गणपती. छपरात न विकलेले गणपती एकावर एक रेलून बसले होते. बाई साताऱ्याकडची म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं. "शेण टाकतात म्हणे तुमच्याकडं. टाका की. पावसाळा आला की धुवून जाईल. बसा अक्का, काय पाहिजे?"

चंद्रा बसली नाही. "माझ्या मालकांचं त्वांड तुमी कुणाला इचारून घेतलं?"

बसाप्पा बघतच राहिला. मग त्यानं हात फडक्याला पुसले. "नाथाजीबाबांच्या सूनबाई काय तुम्ही? अहो, त्यांनीच तर फोटो आणून दिला की."

"कुणी?"

"सासऱ्यांनी तुमच्या. कमिटीला कुणाचंच तोंड नको होतं. नुसता शिपाई करा म्हणाले. म्हातारा त्यांच्या दारात बसून राहिला, हो म्हणेपर्यंत उठला नाही. मग हितं आला. शाडूचं काम चाललं होतं तोवर रोज समोर बसायचा त्या खोक्यावर. नाक असं नाही म्हणायचा. हनुवटी अशी नाही. उभा राहिला की डाव्या पायावर भार टाकतो, म्हणून स्वतः उभा राहून दाखवला. मिशी तेवढी कमिटीनं लावायला लावली, त्याला माझा इलाज नाही."

"फोटू दिला आसंल. पर त्ये काय मेलं म्हणून दिला न्हवं."

बसाप्पानं तिच्या कपाळाकडं बघितलं आणि नजर गणपतींकडं वळवली. सांगावं की न सांगावं असं त्याचं झालं असणार. पण तो आधीच साताऱ्यावर चिडलेला, आणि चिडलेल्या माणसाला खरं दाबून ठेवणं जमत नाही. "मी विचारलं होतं त्यांना. आजोबा, पोरगा बेपत्ता म्हणताय, उद्या आला परत तर काय करायचं हो? तर म्हणाले, येणारा असता तर तुमच्या दारात आलो असतो का मी."

छपराबाहेर कुणी तरी म्हशी हाकत नदीकडं चाललं होतं. चंद्रा त्या म्हशी जाईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग निघाली. बसाप्पा मागनं पाणी घ्या म्हणत होता.

परतीच्या वाटेवर सबंध गाडीत तिच्या कानात सासऱ्याचा आवाज होता. येईल पोरी, येईल त्यो. रोज म्हणायचा. गोठ्यात, शेतात, भाकरी मोडताना. आणि हाच माणूस सांगलीला खोक्यावर बसून लेकाचा दगड घडवून घेत होता.

नाथाजी गोठ्यात वैरण टाकत होता तिथंच तिनं त्याला गाठलं. "मी सांगलीस्नं आले."

म्हाताऱ्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. बैलानं पेंढीकडं मान लांब केली. "पयल्या लढाईत तिकडं अरबांच्या मुलखात बसऱ्याला मी हुतो," नाथाजी म्हणाला. "बेपत्ता म्हंजी काय, त्ये मी बघितलंय. मातीत माणूस घावला न्हाई, येवढाच त्येचा अर्थ."

"मग मला रोज खोटं का सांगत हुता?"

"खरं सांगून तू काय केलं आसतंस? दगड गावात बसवला आसता तर त्याच दिशी तुझ्या काकणांवर आलं आसतं. म्हणलं साताऱ्यात बसवावा. तिकडं त्यो समद्या शिपायांचा म्हणून खपंल. लेकराला कुठंतरी जागा पायजे का नगं?"

"लेकराला जागा केली तुमी. लय चांगलं केलं. मला इचारलं का?"

नाथाजीनं पेंढी बैलापुढं टाकली. चंद्राला त्याची दया आली असती तर गोष्ट इथंच मिटली असती. तिला आला तो राग. ह्या घरात प्रत्येकानं आपापल्या सोयीनं तिच्या नवऱ्याला मारला होता, आणि तिला कुणी साधं विचारलं नव्हतं. अवस चार दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून ती साताऱ्याला गेली. तिठा लागला तेव्हा तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि मान फिरवून पलीकडं निघून गेली. चहाच्या दुकानात भाऊसो असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार पुरुषांत जाऊन ती उभी राहिली तेव्हा दुकानातली कपबशांची खळखळ बंद झाली.

"तुमीच का त्यो दगड पाडणार हाय म्हणणारं?"

भाऊसोनं तिला खालवर न्याहाळलं. "पाडणार होतो. आता आमचीच माणसं मागं सरली. त्या धनगरानं भंडारा टाकला आणि सगळ्यांचं अवसान गेलं. मेलेल्याचा दगड म्हणतात, हात लावायचा नाही म्हणतात. असल्या भाकड समजुतीच्या लोकांना घेऊन इंग्रज घालवायचा आम्ही."

"मेलेल्याचा न्हाई त्यो. मी त्यांची बायको." तिनं पदर मागं सारला. "ह्ये बघा. ह्ये कुकू त्यांच्या नावाचं हाय. जित्या माणसाचा दगड पाडायला कसलं पाप?"

एक माणूस हळूच म्हणाला, खरंय की. भाऊसोच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. ते काही तिच्यासाठी नव्हतं. "हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगीन."

"मग परवा सकाळी या. दोर आम्ही आणतो." जराशानं त्यानं विचारलं, "पुतळा बघितलाय का तुम्ही?"

"न्हाई. आन् बघायचा बी न्हाई."

"परवा बघावा लागेल," भाऊसो म्हणाला.

अवसेच्या आदल्या दिवशी सकाळी ती तिठ्यावर पोचली तेव्हा तिथं जत्रा लोटली होती. शहराचं कसं असतं, चांगल्या कामाला दहा माणसं मिळणार नाहीत, पाडापाडी म्हटली की घरातली म्हातारीकोतारीसुद्धा बाहेर येतात. तालमीतली पोरं, पेठेतल्या बायका, गाडीवान, किराणावाला, ज्यांना ज्यांना म्हणून त्या शिपायाचं काही खुपलं होतं ते सगळे आले होते. कमिटीचे सुभेदार तेवढे कुठं दिसत नव्हते. नाथाजी दिसला. बातमी त्याच्यापर्यंत आदल्या रात्रीच गेली असणार, कारण तो घरून तिच्या आधी निघाला होता. चौथऱ्याला पाठ लावून तो उभा होता, अंगात पहिल्या लढाईतला खाकी डगला. हातात काठी होती पण उगारलेली नव्हती. त्यानं सुनेला बघितलं आणि नजर खाली घेतली.

"म्हातारबा, बाजूला व्हा," भाऊसो म्हणाला.

नाथाजी हलला नाही. दोन पोरं शिडी लावून वर चढली आणि त्यांनी दोर पुतळ्याच्या गळ्यात अडकवला. खाली दहा-बारा जणांनी दोराचं टोक हातात घेतलं. पण घेऊन तसेच थांबले. ओढायला कुणी सुरुवात करीना. एकानं हळूच विचारलं, "भाऊसो, ती बाई कुठाय?"

भाऊसोनं चंद्राला पुढं बोलावलं. गर्दीनं वाट दिली. "ही त्याची बायको. जो जिवंत आहे त्याचा हा दगड आहे, हे ती स्वतः सांगणार आहे. सांगा बाई."

तेव्हा चंद्रानं पहिल्यांदा वर बघितलं.

मिशी त्यांची नव्हती. पट्टा नको इतका फुगवला होता. चड्डीच्या खालचे पाय खरंच बारीक झाले होते, तालमीतली पोरं म्हणाली ते खोटं नव्हतं. पण भार डाव्या पायावर होता. दारात उभं राहून जेवायला हाक येईतो वाट बघायचे तसा. आणि हनुवटी जरा वर, काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी करायचे तशी. म्हाताऱ्यानं काही विसरू दिलं नव्हतं. गालावर पुन्हा कुणीतरी टाकलेलं ताजं शेण होतं. दोर गळ्याभोवती होता, आणि दोर धरलेल्यांपैकी एकानं ताण बघायला म्हणून तो जरा खेचला. गळ्यापाशी सिमेंटचा टवका उडाला. कुणीतरी हसलं.

आपला माणूस आता येणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. खरं तर तेव्हा कळलं असंही नाही. कपाळाचं कुंकू मोठं व्हायला लागलं होतं तेव्हापासूनच ठाऊक होतं. ती भांडत होती ती त्याच्यासाठी नव्हतीच, स्वतःसाठी होती, उद्यापासून कोपऱ्यात बसायचं, कुणाच्या लग्नात पुढं यायचं नाही, सकाळी कुणाच्या आडवं जायचं नाही, ह्या भीतीनं भांडत होती. ती भीती अजूनही तशीच होती. पण एवढ्या लोकांत कुणी तरी त्याच्या गळ्यात दोर घालून हसतंय, हे काही तिला बघवेना.

"सांगा," भाऊसो पुन्हा म्हणाला.

"सोडा त्यो दोर," चंद्रा म्हणाली. "गेलं त्ये."

भाऊसोचं तोंड लाल झालं. "परवा तुम्हीच म्हणालात, चार माणसांसमोर म्हणालात की—"

"परवा मी बघितलं न्हवतं."

"सरकारचा शिपाई तो सरकारचाच शिपाई. त्याच्या पायी आमची पोरं—"

"आसंल," चंद्रा म्हणाली. "पर मेलाय."

तिनं तळहात कपाळावर ठेवला आणि कुंकू पुसलं. एकदा पुसून जाईना, म्हणून दुसऱ्यांदा पुसलं. मग नाथाजीला बाजूला सारून पुढं झाली आणि तोच हात पुतळ्याच्या बुटावर, तेलाच्या डागांवर, दाबून ठेवला.

दोर धरलेल्यांपैकी आधी एकानं हात सोडला, मग दोघांनी. शिडीवरची पोरं कान धरून खाली उतरली. मागच्या बायकांत कुणीतरी हुंदका दिला, आणि हीच बाई परवापर्यंत अर्ध्या चड्डीवरून नाक मुरडत होती. भाऊसो एकटा तिथल्या तिथं अधू पायावर डोलत राहिला. "फसवलंत," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मिळून फसवलंत." तो बाजूला थुंकला आणि त्यानंच मग पोरांना दोर काढायला सांगितलं. तो बोलला ते खोटं होतं असं चंद्राला वाटलं नाही.

"पोरी," म्हणून नाथाजीनं तिच्या खांद्याकडं हात नेला.

"हात लावू नगा मला," ती म्हणाली. "तुमचा दगड ऱ्हायला. आता मला काय बोलू नगा."

मोटारीत ती पुढं बायकांत बसली, तो मागं उभा राहिला. कोरेगावपासून घरापर्यंत ती पुढं चालली आणि तो मागं.

बनुबाई ओसरीवर उद्याच्या कार्याचे तांदूळ निवडत बसली होती. शेजारी सूप, पलीकडं काकणं फोडायला म्हणून धुवून ठेवलेला वरवंटा. अंगणात पाऊल वाजलं तशी तिनं मान वर केली. उन्हात चंद्राचं कपाळ उघडं होतं. मधोमध फिकट तांबूस डाग राहिला होता तेवढाच.

बनुबाई उठली. मांडीवरचे तांदूळ ओसरीभर सांडले. "कुणी पुसलं?"

"मीच."

इतके दिवस जी उठता बसता पूस पूस म्हणत होती, तिनं दोन ढांगांत अंगण ओलांडलं आणि सुनेच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की शेजारच्या घरात ऐकू गेली. "तू कोण पुसणारी? तुला कुणी सांगितलं त्यो गेला म्हणून? तुला कुणी सांगितलं?" ती मारतच राहिली, गालावर, खांद्यावर, पाठीवर, आणि मारता मारता तिचा हात ढिला पडत गेला. शेवटी तो हात चंद्राच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून तसाच राहिला.

चंद्रा हलली नाही. नाथाजी दिंडीच्या दारातच थांबला होता, त्याला आत यावं की नाही ते कळत नव्हतं. हंबीरराव येईल असं म्हणणारं आता त्या घरात कुणीच उरलं नव्हतं.